जुन्या सार्वजनिक बागेत डिटेक्टरने नाणी आणि दागिने शोधताना: कोकणच्या मातीसाठी मार्गदर्शन

नगरपरिषदेची एखादी बाग पन्नास-साठ वर्षांची असेल, तर तिच्या हिरवळीखाली सुटी नाणी, जोडवी, कानातली फुले आणि अंगठ्या असणारच. संध्याकाळी माणसे गवतावर बसतात, मुले उतारावरून लोळतात, आणि पडलेली वस्तू पहिल्या जोरदार पावसात मातीआड जाते. मेटल डिटेक्टरने ती शोधता येते. मात्र यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका परदेशी मातीसाठी आणि परदेशी नाण्यांसाठी लिहिलेली असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधल्या तांबड्या जमिनीवर तिच्यातल्या अनेक सूचना लागू पडत नाहीत. गेली काही वर्षे मी कोकणातल्या बागांतून हे काम करीत आलो आहे, आणि नव्याने यंत्र घेणाऱ्यांनी माझ्या चुका पुन्हा करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे एक मत आरंभीच नोंदवतो. आपल्याकडे हे यंत्र हरवलेली वस्तू तिच्या धन्याला परत देण्यासाठी वापरावे, गुप्तधनाच्या आशेने वापरू नये. पुढची सगळी पद्धत या मताला धरून सांगितली आहे.

परवानगी आणि कायदा

बाग सर्वांसाठी खुली असते याचा अर्थ ती खणण्यासाठी खुली असते, असा नाही. नगरपरिषदेची बाग असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आणि गावातली असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा. अर्जात कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेत, कोणती हत्यारे घेऊन काम करणार, प्रत्येक खड्डा त्याच वेळी बुजवणार आणि सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची नोंद कार्यालयात देणार, हे स्पष्ट लिहावे. मंजुरीची प्रत खिशात ठेवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तोंडी का होईना, कल्पना देऊन ठेवावी, कारण हातात यंत्र आणि खुरपे घेऊन वाकलेला माणूस दिसला की कोणीतरी तक्रार करतेच, आणि ती करणाऱ्याचे काही चुकत नाही.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला अशा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत यंत्र नेण्याचा विचारही करू नये. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. एखादी बाग किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा जुन्या वाड्याच्या आवारात असेल, तर ती संरक्षित हद्दीत येते का, हे आधी विचारून घ्यावे. उत्तर मिळेपर्यंत यंत्र घरी ठेवावे.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती काय आहे, तिची अंदाजे किंमत किती, ती कुठे आणि कोणत्या दिवशी सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. जो कळवत नाही तो त्या निधीतला आपला वाटा गमावतो आणि एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. म्हणून शिवराई, कंपनी सरकारचा पैसा किंवा एकत्र पुरलेली नाणी हाती आली, तर तिथेच थांबावे, आणखी उकरू नये, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालय गाठावे. नाणी ज्या थरात आणि ज्या क्रमाने पडली आहेत, तो थर अभ्यासकाला नाण्याइतकाच बोलका असतो. आपण ती उपसून पिशवीत भरली की तो पुरावा कायमचा जातो.

जांभ्यावर यंत्र कसे लावावे

बहुतेक साध्या डिटेक्टरमधली कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहाचे उलट क्षेत्र कॉइल ऐकते. अडचण अशी की आपल्या जांभ्या दगडात आणि त्यापासून झालेल्या तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि तीही यंत्राला उत्तर देतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असते. बागेच्या भरावात अशी वाळू मिसळलेली असेल तरी तोच त्रास होतो. नवशिक्या माणूस अशा जमिनीवर यंत्र चालू करतो, दर पावलाला आवाज येतो, आणि यंत्र बिघडले आहे असे समजून तो ते परत पाठवतो.

यावरचा उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज यंत्राने सोडून द्यावा यासाठीची जुळवणी. ज्या जागी धातू नाही याची खात्री आहे अशी हातभर जागा निवडावी, बॅलन्सचे बटण दाबून कॉइल जमिनीपासून चार बोटांवरून गुडघ्यापर्यंत उचलावी आणि पुन्हा खाली आणावी, आणि वरखाली करताना आवाज बदलेनासा झाला की बटण सोडावे. हे बागेत शिरताना एकदा करून भागत नाही. तांबड्या मातीचा भराव संपून मूळ कातळ लागला, झाडाखालची काळी माती आली, किंवा रात्रीच्या दवानंतर ऊन तापले, की पुन्हा करावे. मी सकाळच्या तीन तासांत पाच-सहा वेळा तरी करतो.

दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे यंत्राच्या संवेदनक्षमतेची. ती पूर्ण वाढवली की यंत्र खोलवर पाहील, असे वाटते. जांभ्यावर उलटे घडते. वाढवलेल्या सेन्सिटिव्हिटीने मातीचाच आवाज इतका मोठा होतो की त्याखाली नाण्याचा आवाज बुडतो. यंत्र हवेत धरल्यावर शांत असेल आणि जमिनीवर बडबडत असेल, तर ते शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी पायरीपायरीने उतरवावी. मोठ्या कॉइलपेक्षा लहान कॉइल इथे जास्त उपयोगी पडते, कारण ती एका वेळी कमी माती पाहते आणि खिळ्याशेजारी पडलेले नाणेही वेगळे ओळखते. पल्स इंडक्शन प्रकारचे, म्हणजे क्षेत्र सलग न सोडता झटक्याझटक्याने सोडणारे, यंत्र लोहमय मातीने फारसे गोंधळत नाही, पण खिळा आणि नाणे यांत फरक सांगण्यात ते कमी पडते. बागेत खिळेच अधिक असतात, म्हणून मी ते सुचवत नाही.

जांभ्याचा एखादा घट्ट गोळाही नाण्यासारखा आवाज देतो. तो ओळखण्याची रीत अशी: आवाज आला की त्याच जागेवरून कॉइल प्रथम पूर्व-पश्चिम आणि मग उत्तर-दक्षिण फिरवावी. नाणे असेल तर दोन्ही दिशांनी तोच नेमका, आखूड आवाज येतो आणि पडद्यावरचा धातू सुचवणारा आकडा फारसा हलत नाही. दगड असेल तर आवाज पसरट येतो, एका दिशेने येऊन दुसऱ्या दिशेने हरवतो, आणि कॉइल वीतभर उचलली की लगेच नाहीसा होतो.

खोलीबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नये. चांगल्या मातीत साधे यंत्र नाणे साधारण वीतभर खोलीवर पकडते. जांभ्यावर त्याच्या निम्मे मिळाले तरी समाधान मानावे. त्यामुळे बागेत अलीकडे दोन फूट भराव टाकला असेल, तर खालची जुनी जमीन आपल्या आवाक्याबाहेर गेली, असे समजून दुसरी जागा पाहावी.

हंगामही जमिनीप्रमाणे ठरवावा. पावसाळ्यात हिरवळ इतकी भिजलेली असते की नुसत्या चालण्यानेही ती तुडवली जाते, आणि एप्रिल-मेमध्ये जांभ्याची माती विटेसारखी कडक होते व कापलेले गवत जगत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत जमिनीत ओल असते, खुरपे सहज जाते आणि बुजवलेला काप आठवड्यात जुळून येतो. समुद्राला लागून असलेल्या बागेत ओली खारट वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि खोटे आवाज देते. तिथे जमीन सुकलेली असताना काम करावे.

कोणते नाणे कसा आवाज देते

हे शिकण्यासाठी घराच्या परसात एक चाचणीचा वाफा करावा. खिळा, सोड्याच्या बाटलीचे बूच, औषधाच्या गोळ्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे पाकीट, वेगवेगळ्या काळांतली नाणी, चांदीचे जोडवे आणि सोन्याची अंगठी चार-चार बोटे खोल पुरावी, प्रत्येक जागी खुंटी ठोकावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. अंगठीला दोरा बांधून त्याचे टोक वर ठेवावे, नाहीतर तीच शोधत बसावे लागते.

आपली नाणी धातूंच्या बाबतीत फार वेगवेगळी आहेत आणि पुस्तिकेतले आकडे त्यांना जुळत नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. ढब्बू पैसा, १९४३ ते १९४७ दरम्यानचा भोकाचा पैसा आणि सुरुवातीचा एक नया पैसा तांब्याच्या मिश्रधातूचे असल्याने त्यांचा आवाज स्वच्छ आणि वरच्या पट्टीतला येतो. चांदीचा रुपया त्याहूनही वर बोलतो. १९४० पर्यंत त्यात सुमारे ९२ टक्के चांदी होती, पुढे ती निम्म्यावर आली, आणि १९४५ नंतर चांदी जाऊन निकेल आले. कप्रोनिकेलची (तांबे-निकेलच्या मिश्रधातूची) नाणी, म्हणजे १९७५ ते १९९१ चा रुपयाही, खालच्या-मधल्या पट्टीत येतात. १९६४ नंतर आलेली अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाणी चंदेरी कागदाच्या आसपास आवाज देतात आणि खाऱ्या ओलीत पांढरी पडून झिजलेली सापडतात.

सगळ्यात मोठा घोळ पोलादाचा आहे. १९८८ पासून पंचवीस व पन्नास पैसे आणि १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलमध्ये निघू लागला, आणि हे पोलाद चुंबकाला चिकटते. पुस्तिकेच्या सल्ल्याप्रमाणे डिस्क्रिमिनेशनने, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणाऱ्या सोयीने, लोखंड पूर्ण बंद केले, तर ही नाणी यंत्र बहुधा सोडून देते किंवा तुटक आवाजात सांगते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत, त्यामुळे पोलादी नाणी सुटली तरी मोठे नुकसान नाही. मात्र चुंबकाला चिकटले म्हणजे निरुपयोगी, असा नियमही करू नये, कारण १९४६-४७ चा शुद्ध निकेलचा रुपयाही चिकटतो.

दागिन्यांसाठी तर डिस्क्रिमिनेशन जवळजवळ काढूनच टाकावे लागते. सोन्याची बारीक अंगठी किंवा कानातले फूल नेमके औषधाच्या पाकिटाच्या आणि चंदेरी कागदाच्या पट्टीत बोलते. कागद नको म्हणून ती पट्टी बंद करणारा माणूस सोने बंद करतो. बारीक साखळी यंत्राला जवळपास दिसत नाही, कारण तिची प्रत्येक कडी सुटी आणि इवलीशी असते. तिचा फासा किंवा पदक तेवढे ऐकू येते. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांना आवाज नसतो, दोन वाट्यांनाच असतो. सोने शोधायचे तर कचरा भरपूर उकरावा लागतो, याला दुसरा मार्ग नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिथल्या असंख्य घरांचे पत्रे उडाले, आणि त्यांचे हुक, वायसर व पत्र्याचे तुकडे आजही बागांच्या मातीत निघतात.

जागा निवडणे

बागेत शिरल्याबरोबर यंत्र चालू करू नये. आधी बागेच्या जुन्या माळ्याशी किंवा रोज येऊन बसणाऱ्या आजोबांशी बोलावे: पूर्वी दरवाजा कुठे होता, बाक कुठे होते, भेळवाला कुठे उभा राहत असे, आठवडा बाजार कधी इथे भरत होता का. बाक हलतात, पण त्यांच्या जुन्या जागेखाली पडलेले पैसे तिथेच राहतात. घसरगुंडीचा पायथा, झोपाळ्यांखालची माती, मोठ्या झाडाच्या सावलीची कड आणि फाटकाबाहेरची पैसे देण्याघेण्याची जागा यांवर प्रथम वेळ घालवावा. आपल्याकडे पावसाचे पाणी उतारावरून जोराने वाहते, म्हणून उताराच्या तळाशी जिथे जांभ्याचा गडगा (दगडी बांध) पाणी अडवतो, तिथे गाळाबरोबर हलकी नाणी येऊन साठतात.

वडाचा पार मात्र सोडून द्यावा. वटपौर्णिमेला बायका तिथे पूजा करतात, आणि मुळांशी मिळणारे नाणे हरवलेले नसते, वाहिलेले असते. राखणदाराच्या दगडापाशी, तुळशीवृंदावनाजवळ, समाधीच्या किंवा हुतात्मा स्मारकाच्या आवारातही यंत्र फिरवू नये.

प्रत्यक्ष फिरवताना कॉइल गवताला घासेल-न घासेल इतकी खाली आणि जमिनीला समांतर ठेवावी. झुल्याच्या, म्हणजे कॉइल डावी-उजवी फिरवण्याच्या, टोकाला ती वर उचलली जाण्याची सवय सर्वांनाच लागते, आणि तिथलेच नाणे सुटते. प्रत्येक झुला आधीच्या झुल्यावर निम्मा चढावा, आणि एका झुल्याला दोन सेकंद तरी द्यावेत.

खणणे आणि बुजवणे

शक्य असेल तिथे खणूच नये. वस्तू दोन-तीन बोटे खोल असेल, तर पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या शोधकाने) जागा नेमकी करून बोथट स्क्रू ड्रायव्हरने माती अलगद सैल करावी आणि वस्तू वर उचलावी. त्याहून खोल असेल तर धारदार खुरप्याने घोड्याच्या नालेसारखा काप घ्यावा, एक बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवावी, आणि गवत मुळांसह उलटावे. सुटी माती गवतावर न टाकता शेजारी अंथरलेल्या गोणपाटावर काढावी, म्हणजे ती सगळी परत घालता येते. वस्तू निघाल्यावर खड्ड्यावरून यंत्र पुन्हा फिरवावे, कारण एका खिळ्याखाली दुसरे नाणे असू शकते. मग माती भरावी, काप मिटवावा, पायाने दाबावा आणि बाटलीतले पाणी शिंपडावे. दोन पावले मागे जाऊन पाहिल्यावर काप कुठे घेतला ते सांगता आले, तर काम नीट झालेले नाही.

झाडाच्या बुंध्यापासून निदान एक मीटर दूर राहावे. दिव्यांच्या खांबांजवळ आणि नळांच्या रेषेत लांबलचक, सलग आवाज आला तर तिथे केबल किंवा पाइप आहे, असे समजून पुढे जावे. गडग्याच्या खाचांत आणि पालापाचोळ्यात हात घालू नये, कारण फुरसे तांबड्या मातीत दिसत नाही. गमबूट आणि जाड हातमोजे नेहमी वापरावेत. काडतूस किंवा दारूगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर व्हावे आणि ११२ वर कळवावे. निघालेला सगळा कचरा, खिळे आणि बुचे, आपल्या पिशवीतून बाहेर न्यावा. माझ्या अनुभवात परवानगी दुसऱ्यांदा मिळते ती याच पिशवीमुळे.

नाणी स्वच्छ करण्याविषयी थोडक्यात. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नये, कारण त्याने नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो. तांब्याच्या नाण्यावर हिरवी, भुसभुशीत पूड धरत असेल तर ती खाऱ्या हवेतल्या क्लोराइडची आहे. असे नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून पाणी काही दिवस बदलत राहावे, मग पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवावे.

दागिना परत देणे

कोणी वस्तू हरवल्याचे सांगून बोलावले, तर प्रथम त्या व्यक्तीला बागेत सोबत घेऊन संपूर्ण संध्याकाळ पुन्हा चालून दाखवायला सांगावी. एका ताईंनी आपण पिंपळाखाली बसलो होतो आणि मंगळसूत्राची वाटी तिथेच पडली असणार, असे खात्रीने सांगितले होते. मी तिथे दोन तास घालवले आणि काही मिळाले नाही. वाटी मिळाली ती घसरगुंडीच्या पायथ्याशी, कारण खाली घसरत आलेल्या मुलाला उचलताना त्याने गळ्याला मिठी मारली होती आणि धागा तेव्हाच तुटला होता. दागिना निवांत बसलेल्या जागी क्वचित पडतो; ओढ बसते तिथे, वाकताना, शाल काढताना, मूल कडेवर घेताना पडतो. म्हणून हालचाल विचारावी. यंत्राआधी डोळ्यांनीही पाहावे, आणि संध्याकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरावा, म्हणजे गवतातले सोने चमकते. सोन्याला गंज चढत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे मातीत राहूनही ते जसेच्या तसे निघते.

कोणी न सांगता दागिना मिळाला, तर तो आपला होत नाही. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद व दंड आहे. तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहावी, छायाचित्र घ्यावे, आणि वस्तू पोलीस ठाण्यात जमा करून लेखी पोच घ्यावी. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळवायचे असेल तर केवळ "अमुक बागेत एक दागिना सापडला आहे" इतकेच लिहावे. छायाचित्र टाकू नये आणि कोरलेले नाव, खड्याचा रंग किंवा तुटलेला फासा यांचा उल्लेख करू नये. या खुणा दावा करणाऱ्याने सांगायच्या असतात.

अलीकडच्या सोन्यावर आणखी एक खूण असते. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक १ जुलै २०२१ पासून देण्यात येऊ लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. भिंगातून तो वाचून भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घातला, तर सराफाच्या नोंदणीची माहिती मिळते आणि पोलिसांना तिथून मालकापर्यंत पोहोचता येते. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे कानातल्या फुलावर तो नसण्याचीच शक्यता अधिक. मालक मिळाला की दागिना ठाण्यातूनच त्याच्या हाती जाऊ द्यावा, पोचेवर त्याची सही घ्यावी, आणि त्या पोचेची एक प्रत ज्या कार्यालयाने बागेची परवानगी दिली त्यांच्याकडे नेऊन द्यावी.